पांझरेकाठचे फड

साक्री तालुक्यात शिरले की नजर आधी जाते ती ब्राह्मणवेलच्या पठारावरच्या पवनचक्क्यांकडे. खाली पांझरेच्या पात्रातले दगडचुन्याचे बुटके बंधारे सहसा कोणी पाहायला थांबत नाही. तीनशे-चारशे वर्षे या बंधाऱ्यांनी नुसत्या उताराच्या जोरावर नदीचे पाणी पाटात घातले आणि पिंपळनेर, सामोडे या पट्ट्यातले मळे भिजवले.

पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे भाग, तेच फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. यंदा या फडात ऊस, तर शेजारी गहू किंवा ज्वारी. पुढल्या वर्षी अदलाबदल. शेतकऱ्याचे तुकडे बहुधा वेगवेगळ्या फडांत असत. त्यामुळे नदी आटली आणि एखादा फड कोरडा ठेवावा लागला, तर झळ सर्वांना बसे. पाणी पाटकऱ्याने द्यायचे, पिकाची राखण जागल्याने करायची, दोघांवर देखरेख हवालदाराची. त्यांचा मोबदला खळ्यावर धान्यात. माझ्या मते फडाची खरी थोरवी या नियमात आहे. बंधारा कोणीही बांधील. टंचाई वाटून घ्यायला गाव एक लागते.

1884 मध्ये तरुण अभियंते विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. पांझरेच्या पाटासाठी दातर्तीजवळ नळांचा सायफन बांधणे हे त्यांच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक. पुढे नीरा कालव्यावर त्यांनी ‘ब्लॉक’ पद्धत आणली. तिच्यातली पिकांची फेरपालट पाहिली की फड आठवतोच.

मग विहिरींवर मोटारी बसल्या. ज्याच्याकडे स्वतःचे पाणी, त्याला फडाच्या पिकाचे बंधन नकोसे झाले. फडाच्या मधोमध कोणी आपल्या मर्जीने ऊस लावला की पाटकऱ्याची पाळी कोलमडते. वर लाटीपाड्याचे धरण झाले, कान नदीवर मालनगावचे झाले. नदीचा बारमाही झुळझुळता प्रवाह धरणाच्या आवर्तनावर आला. पाटांत गाळ साचला, वाळूउपशाने पात्र खोल गेले. काही गावांत फड नावापुरते उरले, काही गावांत अजून तग धरून आहेत.

बंधाऱ्यांची डागडुजी आणि पाटांतला गाळ काढणे अजून आवाक्यातले काम आहे. जिथे पाटकरी अजून कामावर आहे, त्या गावांपासून जलसंपदा विभागाने ते सुरू करावे आणि पाणीवाटपाचा अधिकार गावाच्याच हाती ठेवावा.