देवाच्या नावचा सातबारा

आचरा गावाचा इनामदार कोण, असं मालवण तालुक्यात कुणालाही विचारा, उत्तर एकच मिळेल: श्री देव रामेश्वर. रामेश्वराचा कौल झाला की दर काही वर्षांनी सगळा गाव गुरंढोरं, कोंबड्या-कुत्र्यांसकट वेशीबाहेर पडतो. तीन दिवस आणि तीन रात्री झोपड्या-राहुट्यांत काढायच्या, आणि पुन्हा कौल मिळेल तेव्हाच घरात पाऊल टाकायचं. ही गावपळण बघायला आता लांबून लोक येतात. पण तिच्या मागे उभी असलेली गावऱ्हाटी, म्हणजे देवाच्या नावाने चालणारा गावकारभार, वर्षभर चालूच असते. मानकरी, बारा-पाच, गाऱ्हाणं, कौल. जमीन देवाची, गाव देवाचा, आपण त्याची रयत, हे इथल्या मुलाला कुणी वेगळं शिकवावं लागत नाही.

म्हणून राज्य, कायदा आणि जमीनजुमला हे सगळं देवाच्या हुकमाखाली असावं, ही कल्पना दक्षिण कोकणातल्या माणसाला परकी वाटायचं कारण नाही. तिचं ख्रिस्ती रूप मात्र आपण सहसा फक्त एका शब्दात आटोपतो: बाटवाबाटवी. त्या शब्दात गोव्यात झालेलं बरंच काही बसतच नाही. तेरेखोल नदीच्या पलीकडे जवळजवळ तीनशे वर्षं जी व्यवस्था होती, ती समजून घ्यायची तर वसुलीची वही उघडावी लागते.

पोर्तुगालच्या राजाला पोपने पंधराव्या शतकापासून एक अधिकार दिला होता, त्याला पाद्रोआदो म्हणत. समुद्रापार जिंकलेल्या मुलखात बिशप कोण, चर्च कुठे, पाद्र्यांना पगार किती, हे राजाने ठरवायचं. बदल्यात धर्मप्रसाराचा खर्च आणि जबाबदारी राजाची. म्हणजे चर्च राज्याच्या वर नव्हतं आणि खालीही नव्हतं. दोघांची तिजोरी एकमेकांत गुंतली होती. 1510 मध्ये आल्बुकेर्कने गोवा घेतलं, तेव्हा पहिली काही वर्षं गावांच्या कारभाराला कुणी हात लावला नाही. उलट 1526 मध्ये आफोंसु मेशिया या महसूल अधिकाऱ्याने तिसवाडीच्या गांवकारांच्या, म्हणजे गावाची जमीन सामाईक सांभाळणाऱ्या मूळ घराण्यांच्या, रूढी लिहून काढल्या आणि त्यांना मान्यता दिली. 'फोराल' या नावाने तो दस्तऐवज प्रसिद्ध आहे.

त्यात दिसणारी गांवकारी विलक्षण होती. भातशेती, खाजणं, बांध गावाच्या सामाईक मालकीचे. शेतं पावणीने, म्हणजे लिलावाने, ठरावीक मुदतीसाठी कसायला द्यायची. उत्पन्नातून आधी सरकारी खंड, मग बांधबंदिस्ती, देऊळ आणि गावकामगारांचा खर्च, आणि उरेल ते गांवकारांत 'जोण' म्हणून वाटायचं. ती जमीन कुणा एकाला कायमची विकता येत नसे. बायबलच्या जुन्या करारात, लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात जमिनीचा जो कायदा आहे, तोही हेच सांगतो: भूमी देवाची आहे, ती कायमची विकू नये, पन्नासाव्या वर्षी ती मूळ कुळाकडे परत यावी. दामोदर कोसंबींसारख्या विद्वानाने या गावसंस्थांचा मुळापासून अभ्यास केला तो उगीच नव्हे. मला तर वाटतं, लिस्बनहून आलेल्या धर्मगुरूंना आपल्याच शास्त्राच्या इतक्या जवळ जाणारी जमीनव्यवस्था युरोपातही सापडली नसती. ती त्यांनी मोडली नाही. तिचा लाभधारक तेवढा बदलला.

1540 च्या सुमारास तिसवाडीतली देवळं पाडली गेली. प्रश्न उरला देवळांच्या नावच्या जमिनींचा. पुजारी, भाविणी, वाजंत्री, सुतार यांचं पोट त्या जमिनींवर होतं. 30 जून 1541 च्या आदेशाने त्यांचं उत्पन्न चर्चच्या आणि नव्या ख्रिस्ती शिक्षणसंस्थेच्या कामी लावण्यात आलं. तीच पुढे सेंट पॉल कॉलेज म्हणून नावारूपाला आली. शेत तेच, बांध तोच, पावणी तीच. गावाच्या हिशेबात देवळाच्या जागी इगर्जी, म्हणजे चर्च, आली. साष्टी आणि बारदेश 1543 मध्ये पोर्तुगीजांकडे गेल्यावर काही वर्षांत तिथेही हेच झालं, आणि मंगेश, शांतादुर्गा, म्हाळसा या देवता कुशस्थळी, केळशी, वेर्णे सोडून पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेरच्या अंत्रुज महालात गेल्या.

यानंतरचे कायदे वाचताना अंगावर काटा येतो, कारण ते थेट घरात शिरतात. फोरालप्रमाणे मुलगा नसलेल्या माणसाची मालमत्ता सरकारजमा होत असे. 1559 मध्ये त्यात सूट आली: बायको आणि मुली वारस होऊ शकतील, पण ख्रिस्ती झाल्या तर. त्याच वर्षीचा अनाथांचा कायदा असा की आई, बाप, आजा, आजी कुणीच न उरलेलं हिंदू मूल सेंट पॉल कॉलेजच्या ताब्यात द्यावं. पुढे अंमल करणाऱ्यांनी तो इतका ताणला की नुसता बाप गेला तरी पुरे होऊ लागलं. आई जिवंत असताना मूल अनाथ! गावसभेत ख्रिस्ती गांवकारांची नावं आधी आणि हिंदूंची मागून लिहायचा दंडक आला. जिथे ख्रिस्ती बहुसंख्य झाले, तिथे हिंदू गांवकाराला सभेचं दारच बंद झालं. न्यायालयातल्या साक्षीचंही तेच. अनंत काकबा प्रियोळकरांनी हे सगळं मूळ कागदपत्रांवरून 1961 मध्ये इंग्रजी ग्रंथात मांडलं.

साष्टीतल्या कुंकळ्ळीचं प्रकरण या पार्श्वभूमीवर वाचायला हवं. 1583 च्या जुलैत तिथे रुदोल्फ आक्वाव्हिवा आणि त्यांच्या जेझुइट सहकाऱ्यांना गावकऱ्यांनी ठार केलं. त्या मुलखातले गांवकार त्याआधीपासून खंड द्यायला नकार देत होते; देऊळ पाडणाऱ्या सरकारला वसुली का द्यायची, हा त्यांचा सवाल होता. सरकारने त्यांच्या पुढाऱ्यांना बोलणीसाठी म्हणून असोळणेच्या किल्ल्यात बोलावलं आणि कापून काढलं. मग गावं जप्त झाली, आणि असोळणे, वेळ्ळी, आंबेली ही गावं पुढे जेझुइटांच्याच मालकीची झाली.

इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, 1560 मध्ये आलं आणि मधली चार वर्षं सोडता 1812 पर्यंत टिकलं. त्याची मुख्य सत्ता बाप्तिस्मा झालेल्यांवर होती, ही गोष्ट आपल्याकडे नीट लक्षात घेतली जात नाही. 1736 च्या त्याच्या फर्मानाने स्थानिक ख्रिस्त्यांना काय काय मना केलं, तर दारात तुळस लावणं, पुरुषांनी धोतर नेसणं, बायकांनी चोळी घालणं, लग्नात विडा-सुपारी देणं आणि मीठ न घालता भात शिजवणं. मालवणी चुलीवरचा भात आजही अळणीच असतो. पण तिथल्या ख्रिस्ती बाईने शेगडीवर चढवलेल्या भांड्यात मीठ आहे की नाही, हे न्यायालयाने ठरवायचं आणि शेजाऱ्याने जाऊन सांगायचं!

अशा राज्यातून फक्त हिंदू बाहेर पडले नाहीत. ख्रिस्तीही पडले. धर्मन्यायालयाची धास्ती, करांचा बोजा, लढाया, रोगराई अशी कारणं एकात एक मिसळली होती. काही कुटुंबं दक्षिणेला मंगळूरकडे गेली, काही उत्तरेला सावंतवाडीच्या सावंत भोसल्यांच्या मुलखात आली. हिंदू राजाच्या हद्दीत त्यांनी आपली चर्चं बांधली, आपली आडनावं, आपले नवस आणि सण ठेवले. माझ्या मते धर्मराज्याविषयीचा सगळ्यात बोलका पुरावा हाच आहे: देवाच्या नावाने चालणारं राज्य सोडून त्याच देवाची लेकरं दुसऱ्या धर्माच्या राजाकडे राहायला आली आणि इथे आपला धर्म अधिक निर्धास्तपणे पाळू लागली. 2005 मध्ये पुणे धर्मप्रांतातून वेगळा झालेला सिंधुदुर्ग धर्मप्रांत, सावंतवाडीचं मिलाग्रिस चर्च, यांच्या मुळाशी ती पायपीट आहे.

त्याच पोर्तुगीज राजवटीत थॉमस स्टीफन्स या जेझुइटाने मराठी ओवीत 'क्रिस्तपुराण' रचलं आणि 1616 मध्ये ते रायतूरला छापलं गेलं, हेही खरं. फर्मानं काढणारे आणि ओव्या रचणारे एकाच छत्राखाली होते.

देवाच्या नावाने राज्य चालवणं फक्त कॅथलिकांपुरतं होतं असंही नाही. जिनिव्हात प्रोटेस्टंट धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिनने 1541 मध्येच धर्मसभा बसवून नागरिकांच्या वागणुकीची झडती सुरू केली. 1553 मध्ये तिथे मिगेल सेर्व्हेटसला पाखंडी ठरवून जाळलं. विसाव्या शतकात अमेरिकेत रूसस जॉन रशडूनी या कॅल्व्हिनपंथीयाने ही परंपरा पुन्हा उचलली. 1973 च्या त्याच्या ग्रंथाचं म्हणणं असं की मोशेचा दिवाणी-फौजदारी कायदा आजही लागू व्हावा. चोराला तुरुंग नको, त्याने दुपटीने-चौपटीने भरपाई द्यावी. व्यभिचार आणि ईश्वरनिंदेला मात्र देहदंड. भूमी देवाची, म्हणून सरकारने जमिनीवर कर बसवू नये. शिक्षण आणि दानधर्म दशांशातून चालावा. त्याचा जावई गॅरी नॉर्थ याने बायबलच्या पुस्तकामागून पुस्तकाचं अर्थशास्त्रीय भाष्य लिहिलं आणि सोन्याच्या चलनाचा आग्रह धरला. या मंडळींना सरकार लहान हवं आहे, गोव्यातल्यासारखं अवाढव्य नको. पण दशांश कुणी गोळा करायचा, ईश्वरनिंदा झाली हे कुणी ठरवायचं, कुणाची साक्ष ग्राह्य धरायची, या प्रश्नांवर त्यांच्याकडे गोव्याच्या पाद्र्यांपेक्षा वेगळं उत्तर मला दिसत नाही. गावऱ्हाटीतही कौल देव देतो, पण तो ऐकून सांगणारी माणसंच असतात. तिथे कोण बसतो, कुणाला बसू देत नाहीत, हे आपणही विचारायला हवं.

गोव्यातली ती व्यवस्था पोर्तुगीजांनीच टप्प्याटप्प्याने उतरवली. 1759 मध्ये जेझुइटांना हाकललं आणि त्यांच्या जमिनी सरकारने घेतल्या. 1780 च्या दशकात डिचोली, सत्तरी, पेडणे सावंतांकडून घेताना तिथल्या देवळांना आणि रूढींना हात न लावण्याचं धोरण ठेवलं. 1830 च्या दशकात उरलेले धार्मिक संघही बरखास्त झाले. 1870 पासून लिस्बनची दिवाणी संहिता आली, तिच्यात वारसा बाप्तिस्म्यावर ठरत नव्हता.

चर्च आणि कायदा यांच्यातला एक दुवा मात्र विसाव्या शतकात पुन्हा जोडला गेला. पोर्तुगाल आणि व्हॅटिकन यांच्यात 1940 मध्ये करार झाला, आणि 1946 च्या हुकमाने गोव्यात चर्चमधल्या लग्नाला आणि ते रद्दबातल ठरवणाऱ्या चर्च न्यायाधिकरणाच्या निकालालाही दिवाणी कायद्यात स्थान मिळालं. तेरेखोलच्या अलीकडे तसं कधीच नव्हतं. इथे भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा 1872 चा, वारसा 1925 च्या कायद्याने: मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश, मुलगा-मुलींना उरलेलं सारखं. मृत्युपत्र करायचं तर सिंधुदुर्गातल्या आरोंद्याचा कॅथलिक बाप आपली सगळी मिळकत हवी त्याला देऊ शकतो. पेडण्यातल्या त्याच्या भावाला मुलंबाळं असतील तर निम्मा हिस्सा त्यांच्यासाठी ठेवावाच लागतो. आणि इथे चर्चने लग्न रद्द ठरवलं तरी, सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये स्पष्ट केल्याप्रमाणे, तेवढ्याने कायद्याच्या नजरेत ते संपत नाही. सावंतवाडीच्या नवराबायकोला त्यासाठी दिवाणी न्यायालयात वेगळा अर्ज करावा लागतो.