रात्री एकचा चहा

दिल्लीत हौजखासमधल्या के-२५ या घरात रात्री एक वाजता स्वयंपाकघरातला दिवा लागे. घरातला पुरुष झोपेतून उठून चहा करी, शेजारच्या खोलीत लिहीत बसलेल्या बाईंपुढे कप ठेवी आणि आवाज न करता परत जाऊन झोपे. बाई मान वर करून बघतही नसत. लिहिण्यात त्या इतक्या बुडालेल्या असत. हा नेम थोडाथोडका नव्हे, चाळीस वर्षे चालला.

त्या बाई म्हणजे अमृता प्रीतम आणि चहा करणारे चित्रकार इमरोज.

अमृताजींना रात्रच लागे. फोन वाजत नाही, दाराची घंटा वाजत नाही, कोणी येत-जात नाही, असा वेळ त्यांना दिवसा मिळणार कसा? लाहोरहून फाळणीत उखडून आलेल्या या लेखिकेने बरीच वर्षे आकाशवाणीच्या दिल्ली केंद्रावर नोकरी केली. दोन मुले होती. ‘पिंजर’ ही कादंबरी १९५० सालची, म्हणजे संसार आणि नोकरी सांभाळत लिहिलेली. ‘वारिस शाह’ला साद घालणारी त्यांची गाजलेली कविता तर डेहराडून-दिल्ली प्रवासात, रात्रीच्या गाडीत सुचली.

इमरोज यांची ओळख झाली ती एका पुस्तकाच्या मुखपृष्ठावरून. ते मूळचे इंद्रजीत, अमृताजींपेक्षा सुमारे सात वर्षांनी लहान. ‘शमा’ या उर्दू मासिकात चित्रे काढत. गुरुदत्तकडे काम मिळाले म्हणून मुंबईला गेले आणि थोड्याच दिवसांत दिल्लीला परतले! आधी जग हिंडून ये, मग माझ्याबरोबर राहायचे की नाही ते ठरव, असे अमृताजींनी सुचवले. तेव्हा इमरोज यांनी त्यांच्याभोवती सात फेऱ्या घातल्या आणि जग हिंडून झाल्याचे जाहीर केले.

अमृताजींचा घटस्फोट १९६० साली झाला. पुढे दोघे एका छपराखाली राहू लागले, पण लग्न केले नाही. त्या काळात, तेही पदरी मुले असताना! लोक बोलले, लेखकमंडळीही बोलली. घरात मात्र दोघांच्या खोल्या वेगळ्या, कामाच्या वेळा वेगळ्या आणि खर्चाचा वाटा सारखा. दिव्यांच्या शेड्सवर इमरोज कवितेच्या ओळी रंगवत. १९६६ पासून तीन दशकांहून अधिक काळ ‘नागमणी’ हे पंजाबी मासिक याच घरातून निघाले. मजकूर त्यांनी पाहायचा, चित्रे यांनी काढायची.

साहिर लुधियानवींचा विषयही घरात दडवलेला नव्हता. स्कूटरवर मागे बसलेल्या अमृताजी बोटाने पाठीवर साहिरचे नाव लिहीत, हे खुद्द इमरोज हसत सांगत. अमृताजी १९८६ ते १९९२ राज्यसभेच्या सदस्य होत्या. इमरोज त्यांना संसदेत पोचवून बाहेर गाडीपाशी थांबत, आणि तिथले लोक त्यांना ड्रायव्हर समजत.

इमरोज यांच्या या सेवेचे कौतुक सगळेच करतात. खरे तर आपल्याकडे कितीतरी लेखकांच्या बायकांनी असाच मध्यरात्रीचा चहा केला, त्यांच्यावर लेख निघाले नाहीत! पण ज्या घरात बाई लिहायला बसली आणि कोणीतरी तिची झोपमोड होऊ दिली नाही, तिचे लिहिणे मोडू दिले नाही, अशी घरे मोजकीच.

शेवटची वर्षे कठीण गेली. घरात पडून हाड मोडले आणि अमृताजी अंथरुणाला खिळल्या. त्यांना भरवणे, औषधे देणे, कुशीवर वळवणे, सारे इमरोज करत. ‘मैं तैनू फिर मिलांगी’ ही त्यांच्यासाठी लिहिलेली कविता याच काळातली. ३१ ऑक्टोबर २००५ रोजी अमृताजी गेल्या. पुढे २०११ मध्ये ते घरही पाडले गेले. इमरोज २०२३ च्या डिसेंबरमध्ये गेले. तोवर त्यांच्यासमोर कोणी अमृताजींचा उल्लेख भूतकाळात केला, की ते लगेच त्याला दुरुस्त करीत.