खोल खाणीतून वर येताना

उघड्या खाणीत खनिज खोदणे हे अर्धेच काम होय. खोदलेला माल वर आणणे हे उरलेले अर्धे, आणि खाण जसजशी खोल जाते तसतसे तेच अधिक खर्चाचे ठरते. शिवाय वर आणावयाचे ते केवळ खनिज नव्हे. त्यावरील मातीखडकही त्याच वाटेने काढावे लागतात.

हिशेब साधा आहे. आपल्या कोळसा खाणींच्या नियमांनुसार डंपरच्या रस्त्याचा चढ सामान्यतः सोळास एक याहून तीव्र असू नये. म्हणजे २०० मीटर खोलीवरून वर येण्यास तीन किलोमीटरहून अधिक चढण आली. त्यातही भरलेल्या मोठ्या डंपरच्या एकूण वजनात सुमारे ४० टक्के भार वाहनाचाच असतो. डिझेल जळते ते बरेचसे लोखंड चढविण्यासाठी! उलट, वाहक पट्टा सोळा अंशांच्या चढाने तीच उंची पाऊण किलोमीटरात गाठतो. तोही विजेवर, आणि उतरत्या पट्ट्याचे वजन चढत्या पट्ट्यास तोलून धरते.

उझबेकिस्तानातील मुरुंताऊच्या सुवर्णखाणीने सोव्हिएत काळातच यावर तोड काढली. डंपरने माल खाणीतल्याच क्रशरपर्यंत न्यावा, पुढचा प्रवास पट्ट्याने व्हावा. २०११ मध्ये तेथे ३७ अंशांच्या चढाने २७० मीटर उंची गाठणारा पट्टा सुरू झाला. माल दोन पट्ट्यांमध्ये दाबून धरल्याने तो घसरत नाही.

अर्थात पट्टा हा सर्व रोगांवरील रामबाण उपाय नव्हे. एक डंपर नादुरुस्त झाला तरी काम चालते. पट्टा थांबला की त्यावर विसंबलेली सारी वाहतूक थांबते. खाण खोल जाते तसा क्रशरही हलवावा लागतो. म्हणूनच हा विचार आराखडा आखतानाच व्हावयास हवा. खाण खोदून झाल्यावर पट्ट्यासाठी जागा शोधणे म्हणजे घर बांधून झाल्यावर जिन्याची आठवण होणे होय.

कोल इंडियाने खाणीपासून रेल्वेपर्यंतच्या कोळसा वाहतुकीसाठी पट्ट्यांच्या योजना हाती घेतल्या, हे स्वागतार्हच. परंतु खाणीच्या आतील चढणीचे काय? चंद्रपूरसारख्या कोळसापट्ट्यात डंपरची धूळ आणि डिझेलचा धूर यांचा भार अखेर तेथील माणसांच्या फुप्फुसांवर पडतो. नव्या खाणीस मंजुरी देताना वाहतुकीच्या दोन्ही पर्यायांचा खर्च शेजारीशेजारी मांडण्याची सक्ती असावी, आणि त्यात चालकांच्या नव्या प्रशिक्षणाचाही खर्च धरावा. त्यांना वाऱ्यावर सोडून साधलेली काटकसर खरी नव्हे.