पुढच्या गुरुवारी कोण येणार?

ऑपरेशनला नेण्याआधी मुलाच्या अंगावरचा सगळा धातू उतरवून घेतात. वाळे, पैंजण, चांदीचा करगोटा आईच्या पदराच्या गाठीत जातो आणि मूल अनवाणी, हिरव्या कपड्यात, अनोळखी माणसांच्या हवाली होते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीत घडणाऱ्या चांदीच्या दागिन्यांचा आणि मुलांच्या वॉर्डाचा संबंध एरवी एवढाच. अलीकडे मात्र कंपन्यांतले, कारखान्यांतले सहकारी मिळून फुगे, मुखवटे, खाऊ घेऊन वॉर्डात जातात, तासभर मुलांना हसवतात, फोटो काढतात आणि परततात. हेतू चांगलाच असतो. पण आजारी मुलाला तासाभराच्या हसण्याहून काल आलेला माणूस पुन्हा येण्याची गरज जास्त असते, आणि असे नेमाने परत येणे कुणाला जमणार असेल तर ते एका छताखाली काम करणाऱ्यांनाच.

हसरा चेहरा हे माप किती फसवे असते, हे जेम्स रॉबर्टसन यांनी 1952 साली दाखवले. दोन वर्षांची एक मुलगी आठवडाभर इंग्लंडमधल्या रुग्णालयात राहते, एवढाच त्यांच्या चित्रफितीचा विषय. त्या काळी तिथे आईबापांना ठरावीक वेळेतच भेटू देत. रॉबर्टसन यांच्या निरीक्षणानुसार घरापासून तुटलेले मूल आधी आकांत करते, मग मिटून जाते आणि शेवटी कुणाशीही हसू लागते. परिचारिकांना वाटे, पोर रुळले. प्रत्यक्षात त्याने वाट पाहणे सोडलेले असे. पुढे 1959 च्या प्लॅट अहवालाने आईबापांना मुलांजवळ मोकळेपणी येऊ द्यावे, अशी शिफारस केली. आपल्याकडे आई बहुधा खाटेशीच असते, म्हणून दुखणे वेगळे आहे. रक्ताच्या कर्करोगासारख्या आजारावरचा उपचार दोन-तीन वर्षे चालतो. बाप कामावर परततो, भावंडे गावी राहतात, आई थकून जाते. मुंबईत अशा कुटुंबांसाठी 2006 पासून सेंट ज्यूड संस्था राहण्याची सोय करते. उपचार लांबला की सातत्याची गरज किती मोठी होते, ते तिथे दिसते.

हसवण्याचा उपयोगच नाही, असे मात्र नाही. न्यूयॉर्कमध्ये 1986 साली बिग ॲपल सर्कशीच्या मायकेल क्रिस्टन्सन यांनी रुग्णालयी विदूषकांचे पथक उभे केले. फ्लॉरेन्समध्ये 2005 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भूल देताना विदूषक सोबत असलेल्या मुलांची भीती इतरांपेक्षा कमी आढळली. 2020 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 24 अभ्यासांचा आढावा आला, त्याचाही कल अनुकूलच होता. पण हे विदूषक शिकलेले आणि डॉक्टरांशी जुळवून काम करणारे होते. वर्षातून एकदा फुगे घेऊन जाणाऱ्यांनी हा पुरावा आपल्या खिशात घालू नये. फ्लॉरेन्सच्याच अभ्यासात बहुतेक कर्मचाऱ्यांनी उपयोग मान्य करूनही उपक्रम पुढे चालवायला विरोध केला, कारण कामात व्यत्यय येत होता. बाहेरच्या माणसांची रुग्णालयाच्या कामात अडचण होते, हा आक्षेप असा पुराव्यासकट उभा आहे.

त्यावर उत्तर एकच, माणसे कमी आणि नेम पक्का. हुपरीत एक पैंजण आटणी, तार, कडीजोड, घुंगरू, झाळकाम, पॉलिश असे किती हातांतून जाते. एक हात अडला की पुढचे काम अडते, त्यामुळे कोण आले नाही हे सगळ्यांना ठाऊक असते. तरुण मंडळाचा उत्साह गणपतीनंतर ओसरतो, कॉलेजची पोरे परीक्षा संपली की पांगतात. कारखान्यातली माणसे पुढच्या वर्षीही तिथेच असतात. अशा सहा जणांनी पाळी लावावी. दर गुरुवारी चार वाजता दोघांनीच, कोल्हापूरच्या सीपीआर किंवा इचलकरंजीच्या आयजीएम रुग्णालयात, सिस्टरला विचारून एकाच वॉर्डात जावे. सर्दी असेल त्याने घरी थांबावे. कापसाची खेळणी नीट धुता येत नाहीत, म्हणून नकोत. घुंगरू तर नकोच, सुटला की लहानग्याच्या तोंडात जातो. चॉकलेटही नको, शेजारच्या खाटेवरचे पोर ऑपरेशनसाठी उपाशी असू शकते. उजव्या हाताला सलाईन आणि खाली फळी बांधलेल्या मुलाशी खेळायला ‘ओळख, कोणत्या मुठीत?’ एवढे पुरते. बोट दाखवायला डावा हात चालतो.

यापेक्षा पैसे द्या, असे व्यवहारी माणूस म्हणेल. औषध अडले असेल तिथे त्याचेच बरोबर. पण औषध भरपूर असलेल्या वॉर्डातही दुपार लांबतेच. मला अवघड वाटतो तो दुसरा आक्षेप: ज्याचा वेळ हीच मजुरी, त्याने तो कुठून द्यावा? 2013 च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांवर सरासरी नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामाला देण्याचे बंधन घातले. कंपनीने सोडले तर तिथला पगारदार कामाच्या वेळेत वॉर्डात जाऊ शकतो. हुपरीतले घरगुती कारखाने त्या कायद्यात बसत नाहीत, आणि मजुरी वजनावर मिळत असेल तर दोन तास गेले की तेवढी चांदी हातून कमी उतरते. कडी जोडणाऱ्या बाईच्या दोन तासांची भरपाई मालकाने करायची, हे पाळी लावण्याआधी ठरायला हवे. नाहीतर गट उभा राहील, पण त्यात मालकच तेवढे असतील, आणि चांदीचा भाव हलला की गुरुवार त्यांचाच आधी चुकेल.