उत्तरेचे मृण्मय दीप

गतवर्षीचा डिसेंबर महिना आम्ही सपत्नीक कोपनहेगन येथे कन्येच्या घरी काढला. डेन्मार्कच्या त्या राजधानीत या सुमारास सूर्य सकाळी साडेआठनंतर उगवतो आणि दुपारी पावणेचारच्या आत मावळतो. जेथे दिवस अवघा सात तासांचा, तेथे दिवा ही केवळ शोभेची वस्तू राहत नाही. तो घरातील एक माणूसच होऊन बसतो.

एके सायंकाळी कन्येने जुन्या वस्तूंच्या दुकानातून मेजावरचा एक दिवा आणला. निळ्या-तपकिरी झिलईचे जड मातीचे पात्र, वर होल्डर आणि चुण्यांची शेड. आम्ही हसून म्हणालो, "अगं, हे तर मडके! यासाठी का पैसे मोजलेस?" ती म्हणाली, "बाबा, आधी तळ तर पाहा." तळाशी 'स्योहोल्म' असा शिक्का होता.

बाल्टिक समुद्रातील बॉर्नहोल्म बेटावर, रोने या गावी, हा कारखाना 1835 साली निघाला व 1996 साली बंद पडला. बेटावर कुंभारकामाजोगी माती विपुल. त्यामुळे तेथे हा धंदा पिढ्यानुपिढ्या चालत आला. 1960 नंतरच्या दशकात आयनार योहान्सेन या कलावंताने स्योहोल्मसाठी असे अनेक दिवे घडविले. ही माती सुमारे 1200 अंशांवर भाजतात; तीत पाणी मुरत नाही व ती दगडासारखी टणक होते. म्हणूनच तिला स्टोनवेअर म्हणतात. शेजारच्या स्वीडनमध्येही रोरस्ट्रांड (1726) व गुस्ताव्सबेरी (1825) या जुन्या कारखान्यांत विसाव्या शतकाच्या मध्यास नामांकित कलावंत हेच काम करीत होते.

शेडची कथाही मौजेची आहे. 1901 च्या सुमारास पेडर विल्हेल्म येन्सेन-क्लिंट या डॅनिश स्थापत्यकाराने एक तेलाचा दिवा घडविला आणि त्याच्यासाठी कागदाला चुण्या घालून स्वतःच शेड केली. ही घडी घालण्याची कला त्यांच्या कुटुंबात टिकली. पुढे 1943 साली पुत्र टागे याने तिचा कारखाना काढला व त्यास आपल्या कन्येचे, 'ले क्लिंट' हे नाव दिले. घरातल्या एका गरजेतून घराण्याचा उद्योग उभा राहिला, तो असा!

परंतु या दिव्याचा खरा गुण आम्हांस उमगला तो रात्री. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर छतावरील दिव्याचा झगझगाट आमच्या डोळ्यांस सोसवत नाही. येथे दिवा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर असूनही शेडमुळे बल्ब दिसत नाही. उजेड खाली पुस्तकावर पडतो व मंद होऊन चेहऱ्यांवर पसरतो. त्या रात्री आम्ही नातीस गोष्ट वाचून दाखविली, तिची आजी शेजारी विणत बसली, आणि जामातही आपला संगणक मिटून आमच्यात आले. आमच्या घरी खोलीगणिक ट्यूबलाइट आहे, आणि खोलीगणिक एकेक माणूसही!

दुसऱ्या दिवशी दिवा लुकलुकू लागला. वायरचे जुने वेष्टन कडक होऊन तडकले होते. जामात म्हणाले, "टाकून द्यावा." कन्येने ऐकले नाही. जाणत्या कारागिराकडून तिने वायर व होल्डर बदलून घेतले, आणि दिवा पुन्हा उभा राहिला. जुना दिवा घेणाऱ्याने हे ध्यानी ठेवावे: वायर पारखल्यावाचून तो लावू नये. पात्र मात्र आपण माठ घेतो तसे बोटाने वाजवून पाहावे. अखंड असेल तर खणखणते, चीर गेली असेल तर बद्द बोलते.

कारखाना मिटला, घडविणारे हात गेले, वायर जीर्ण झाली. माती तेवढी टिकली. आणि तीही टिकली ती कोणी दुरुस्तीचे कष्ट घेतले म्हणून. परत आल्यावर आम्ही दिवाणखान्यातील ट्यूबलाइट रात्री आठनंतर मालवितो व मेजावर एकच दिवा लावतो. तो डेन्मार्कचा नाही, साधाच आहे. परंतु त्याच्याभोवती आता चार माणसे बसतात. वाचकांनी आपल्या घरी हा प्रयोग एकवार अवश्य करून पाहावा.