आकाशातील श्रमविभागणी : संकटसमयी विमानचालकांचे सहकार्य

धार आणि देवास ही माळव्यातील दोन्ही शहरे इंदूरच्या दोन बाजूंस वसलेली आहेत. येथील व्यापाऱ्यास मुंबई अथवा दिल्ली त्वरेने गाठावयाची झाल्यास इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळाचीच वाट धरावी लागते. विमानात बसताना प्रवासी आपल्या सामानाची आणि वेळेची काळजी वाहतो. पुढील बंद दाराआड बसलेल्या दोन माणसांचा विचार मात्र सहसा त्याच्या मनात येत नाही. आलाच, तर ती माणसे किती निष्णात असतील, एवढाच येतो. ती एकमेकांशी कशी बोलतात, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. वस्तुतः गेल्या पन्नास वर्षांच्या अपघातांच्या चौकशीतून या प्रश्नाचे महत्त्व वारंवार सिद्ध झाले आहे. व्यापारी बंधूंना आपल्या पेढीवरील कामाच्या दृष्टीनेही हा विषय उद्‌बोधक वाटेल, अशा समजुतीने त्याचे थोडक्यात विवेचन येथे करीत आहोत.

कामाचा भार म्हणजे काय?

विमान सरळ आणि संथ उडत असते तेव्हा वैमानिकास काम थोडे असते. उड्डाण करताना व उतरताना ते एकाएकी वाढते. विमानाची उंची, वेग आणि उतरण्याची गती सांभाळणे, चाके व पंखांवरील झडपा योग्य वेळी बाहेर काढणे, नियंत्रण-कक्षाशी बोलणे, वारा आणि पाऊस यांचा अंदाज घेणे, ही सारी कामे काही मिनिटांत एकवटतात. त्यात एखादे यंत्र बिघडले, की कामे दुप्पट होतात आणि वेळ निम्मा होतो.

अशा प्रसंगी मनुष्याचे मन विलक्षण रीतीने आकुंचित होते. ज्या एका गोष्टीवर दृष्टी खिळली तीच त्याला दिसते. कानाशी वाजणारी धोक्याची घंटाही ऐकू येत नाही. हा दोष अडाण्याचाच असतो असे नाही. अत्यंत अनुभवी माणसालाही तो ग्रासतो. किंबहुना अनुभवी मनुष्य 'हे मी सांभाळीन' या विश्वासाने अधिक ओझे अंगावर घेतो आणि त्या ओझ्याखाली अधिक आंधळा होतो. म्हणून यावर उपाय एकच : भार वाटून घेणे, आणि ज्याच्या अंगावर तो कमी आहे त्याने पाहिलेले ज्याच्या अंगावर अधिक आहे त्याने ऐकणे.

'काश्मीर प्रिन्सेस'

या श्रमविभागणीचे एक करुण आणि तितकेच उदात्त उदाहरण आपल्याच देशातील चमूने घालून दिले आहे. दिनांक 11 एप्रिल 1955 रोजी एअर इंडियाचे 'काश्मीर प्रिन्सेस' हे चार इंजिनांचे कॉन्स्टलेशन जातीचे विमान हाँगकाँगहून जकार्त्याकडे निघाले होते. बांडुंग परिषदेस जाणारे प्रतिनिधी व पत्रकार असे 11 प्रवासी आणि 8 कर्मचारी त्यात होते. कप्तान दामोदर काशीनाथ जातार हे प्रमुख होते. दीक्षित हे सहवैमानिक, पाठक हे दिशादर्शक आणि अनंत श्रीधर कर्णिक हे देखभाल अभियंता होते.

समुद्रावरून जात असता विमानात स्फोट झाला. उजव्या पंखास आग लागली, धोक्याचा दिवा लागला, धूर आत शिरू लागला. हा स्फोट घातपाताचा होता, विमानात ठेवलेल्या कालबाँबचा होता, हे पुढे इंडोनेशियाच्या चौकशीत उघड झाले; त्या क्षणी मात्र ते कोणासच ठाऊक नव्हते. कप्तानांनी उजवीकडील आतले इंजिन बंद केले आणि उरलेल्या तिहींवर विमान समुद्राकडे उतरविण्यास आरंभ केला. बिनतारी यंत्र मुके होण्यापूर्वी नातुना बेटांजवळील आपले स्थान सांगणारे संकटसंदेश तीन वेळा पाठविले गेले. प्रवाशांना तरंगण्याची जाकिटे दिली गेली आणि बाहेर पडणे शक्य व्हावे म्हणून संकटकालीन दारे उघडण्यात आली. विजेची मंडले निकामी होत होती आणि धूर वैमानिकांच्या कक्षातही आला होता. अखेर उजवा पंख प्रथम पाण्यावर आदळला आणि विमानाचे तुकडे झाले. 19 पैकी 16 जण मृत्युमुखी पडले. दीक्षित, पाठक व कर्णिक हे तिघे वाचले. कप्तान जातार आणि हवाई सेविका ग्लोरिया बेरी यांना मरणोत्तर अशोकचक्र देऊन राष्ट्राने त्यांचा गौरव केला. वाचलेल्या तिघांनाही त्याच सन्मानाचा द्वितीय वर्ग प्राप्त झाला.

यातून घ्यावयाचे ते हे : विमान सावरणे, संदेश पाठविणे आणि प्रवाशांची सिद्धता करणे ही तिन्ही कामे एका माणसाने क्रमाने करावयाची म्हटली असती, तर त्यातील एकच पुरी झाली असती. प्रत्येकाने आपले काम न सांगता उचलले, म्हणून त्या थोड्या मिनिटांत तिन्ही झाली. सगळे प्राण वाचले नाहीत. परंतु करण्यासारखे जे होते त्यातील काही राहिले नाही.

एका धड्याची किंमत

त्या काळी मोठ्या विमानात दिशादर्शक, बिनतारी यंत्र सांभाळणारा आणि उड्डाण-अभियंता असे निरनिराळे लोक असत. पुढे यंत्रे सुधारली तसे ते एकेक करून कमी झाले आणि आज दोनच वैमानिक उरले. माणसे अधिक असली की सहकार्य आपोआप होते, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. दिनांक 28 डिसेंबर 1978 रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे युनायटेड एअरलाइन्सचे एक विमान चाकांच्या बिघाडामुळे सुमारे तासभर आकाशात घिरट्या घालीत राहिले. कप्तानाचे सारे लक्ष चाकांवर होते. इंधन संपत आल्याचे सहकाऱ्यांनी सांगितले. पण ते इतक्या सौम्यपणे, की त्यातील निकड कप्तानापर्यंत पोहोचली नाही. अखेर इंजिने बंद पडली आणि निरोगी विमान जमिनीवर कोसळले. 189 पैकी 10 जण प्राणास मुकले.

या अपघाताने तज्ज्ञांचे डोळे उघडले. 1979 साली अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेने याच प्रश्नावर परिषद भरविली आणि 1981 पासून युनायटेड कंपनीने आपल्या वैमानिकांना सहकार्याचे पद्धतशीर शिक्षण देण्यास आरंभ केला. 'क्रू रिसोर्स मॅनेजमेंट' या नावाने ते आज जगभर दिले जाते, आणि भारतातही वैमानिकांना ते सक्तीचे आहे.

कार्यपद्धती

या शिक्षणातील मुख्य नियम सामान्य वाचकासही सहज समजण्यासारखे आहेत.

पहिला नियम कामाच्या वाटणीचा. एका वेळी एकच वैमानिक विमान चालवितो. दुसरा यंत्रांवर लक्ष ठेवतो, संदेश पाठवितो आणि पहिल्याची चूक होत असल्यास तत्काळ सांगतो. चालविणारा कप्तानच असला पाहिजे असे नाही. देवासकरांना येथे आपल्या शहराचा इतिहास आठवेल. तुकोजी व जिवाजी या पवार बंधूंपासून चालत आलेल्या थोरल्या आणि धाकट्या पातीची दोन राज्ये 1948 पर्यंत एकाच नगरीत नांदली. तेथे हद्दी वाटलेल्या होत्या, म्हणून ते निभावले. विमानात हद्द वाटता येत नाही. तेथे नियंत्रणाचा दांडा या क्षणी कोणाच्या हाती, हे दोघांनाही निःसंशय ठाऊक असावे लागते. म्हणून ताबा देताना आणि घेताना तसे मोठ्याने उच्चारून सांगण्याची शिस्त आहे.

दुसरा नियम यादीचा. 1935 साली अमेरिकेत बोइंगचे एक नवे मोठे विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले. सुकाणू अडकवून ठेवणारी खीळ काढावयाची राहिली होती. वैमानिक निष्णात होता. विसर पडला, इतकेच. तेव्हापासून कामांची लेखी यादी वाचण्याची प्रथा रूढ झाली. एकाने कलम वाचावे, दुसऱ्याने पाहून उत्तर द्यावे. स्मरणशक्तीवर विसंबणे हा येथे शूरपणा मानला जात नाही.

तिसरा नियम शांततेचा. विमान 10,000 फुटांच्या खाली असताना कामाखेरीज अन्य संभाषण वर्ज्य असते.

चौथा नियम सर्वांत कठीण आहे. विमान उतरताना वेग, उंची अथवा दिशा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली, तर उतरण्याचा प्रयत्न सोडून पुन्हा वर जावयाचे. आणि तसे सांगण्याचा अधिकार कनिष्ठासही आहे. तो बोलला आणि वरिष्ठाने मानले नाही, तर ताबा आपल्या हाती घेणे हे त्याचे कर्तव्यच ठरते.

मंगळूर आणि कोझिकोड

हा चौथा नियम कागदावर लिहिणे सोपे, पाळणे किती अवघड, याची दोन दुःखद प्रत्यंतरे आपल्या देशात मिळाली. दिनांक 22 मे 2010 रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान मंगळूर येथे उतरताना फार उंचावर आणि फार वेगात होते. सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्याविषयी तीनदा सांगितले. कप्तानाने ते मानले नाही. 8,033 फूट लांबीच्या धावपट्टीवर विमान सुमारे 5,200 फूट पुढे जाऊन टेकले आणि पलीकडच्या दरीत कोसळले. 166 पैकी 158 जण मृत्यू पावले.

दहा वर्षांनी, दिनांक 7 ऑगस्ट 2020 रोजी, त्याच कंपनीचे दुबईहून आलेले विमान मुसळधार पावसात कोझिकोड येथे उतरत होते. कप्तान दीपक साठे हे नागपूरच्या मराठी कुटुंबातील, हवाई दलात विंग कमांडरच्या पदापर्यंत पोहोचलेले अनुभवी वैमानिक. पहिला प्रयत्न सोडावा लागला. त्यांच्या बाजूची काच पुसणारा वायपर बंद पडला होता. दुसऱ्या प्रयत्नात वारा पाठीमागून होता. 8,858 फुटांच्या धावपट्टीवर विमान 4,438 फूट पुढे जाऊन टेकले. सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्यास सांगितले होते. परंतु ताबा मात्र घेतला नाही. विमान पट्टीपलीकडील उतारावरून खाली गेले. 190 पैकी 21 जण मृत्यू पावले आणि त्यांत दोन्ही वैमानिक होते. चौकशी-अहवालाने वैमानिकांतील सदोष सहकार्य आणि वरिष्ठ-कनिष्ठ यांमधील अधिकाराचा तीव्र उतार यांवर स्पष्ट बोट ठेवले.

त्याच अहवालात आणखी एक गोष्ट नमूद आहे व ती मालकवर्गाने विशेष लक्षात घ्यावी. दुसऱ्या दिवशी सकाळी कोझिकोडहूनच सुटणारे विमान कप्तानांना न्यावयाचे होते, आणि तेथे पुरेसे कप्तान नेमलेले नव्हते. 'काही झाले तरी येथेच उतरले पाहिजे' हा दबाव त्यांच्या मनावर त्या नेमणुकांनी आणला. तात्पर्य, भाराचा काही अंश वैमानिकांच्या कक्षात उत्पन्न झाला आणि काही अंश कचेरीतील मेजावर.

सहकार्य साधले म्हणजे काय घडते, हेही सांगितले पाहिजे. दिनांक 15 जानेवारी 2009 रोजी न्यूयॉर्कवर पक्ष्यांच्या थव्याने एका विमानाची दोन्ही इंजिने निकामी केली. उड्डाण सहवैमानिक स्काइल्स करीत होते. कप्तान सलेनबर्गर यांनी ताबा घेतल्याचे उच्चारून विमान हडसन नदीकडे वळविले, आणि स्काइल्स यांनी निमूटपणे इंजिने पुन्हा सुरू करण्याची यादी हाती घेतली. साडेतीन मिनिटांच्या आत विमान नदीवर उतरले. 155 जणांपैकी एकाचाही प्राण गेला नाही.

पेढीवरील विचार

सोयाबीन आणि गहू यांच्या हंगामात आपल्या मंडईतील पेढीवर काय चालते ते पाहावे. शेटजी एकाच वेळी तोलावर नजर ठेवतात, दूरध्वनीवर भाव ठरवितात आणि रोकडही मोजतात. मुनीमजींना आकड्यातील चूक दिसते. पण शेटजी घाईत आहेत म्हणून ते संध्याकाळपर्यंत थांबतात. विमानात संध्याकाळ नसते, एवढाच भेद. आपल्याकडे नुकसान रुपयांत मोजले जाते, म्हणून ते सोसवते आणि सोसवते म्हणून त्यावर उपाय होत नाही.

मालकाने ऐन गर्दीत एकच काम आपल्याकडे ठेवावे. देण्याघेण्याचा आकडा एकाने वाचावा व दुसऱ्याने पाहून होकार द्यावा. आणि नव्याने लागलेल्या गुमास्त्यानेही 'शेटजी, थांबा' म्हटले, तर त्या दिवशी त्याचे म्हणणे चुकीचे ठरले तरी त्याला रागावू नये. आज ज्याला बोलल्याबद्दल बोल लागला, तो उद्या खरी चूक दिसूनही गप्प बसतो. मंगळूरचा सहवैमानिक बोलला, पण त्याचे ऐकले गेले नाही. कोझिकोडचा बोलला, पण पुढचे पाऊल टाकू शकला नाही. कनिष्ठाच्या जिभेला आणि हाताला हे बळ देणे वरिष्ठाच्याच हाती असते, आणि ते संकटाच्या क्षणी देता येत नाही. साध्या दिवसांत, साध्या कामांत ते आधीच देऊन ठेवावे लागते.