छोटा संगणक, मोजकी वीज : ग्राफिक्स कार्ड कसे निवडावे?

मोठी कार्यालये आपले संगणक काही वर्षांनी बदलतात. तेथून बाहेर पडलेले संगणक साफसूफ होऊन कमी किमतीत बाजारात येतात, तर काही शाळांना देणगी म्हणून मिळतात. त्यांची पेटी बहुधा लहान, जेमतेम नऊ-दहा सेंटिमीटर जाडीची असते. टंकलेखन, गुणपत्रके, इंटरनेट ही कामे त्यांवर सुरळीत चालतात. मग एखादा विद्यार्थी ब्लेंडरवर त्रिमितीय आकृती करू लागतो, कोणी स्नेहसंमेलनाच्या चित्रफितीचे संपादन करायला घेतो, आणि संगणक अडखळतो. ‘ग्राफिक्स कार्ड टाका’, असा सल्ला मिळतो.

शाळेच्या मोजक्या निधीतून कार्ड येते. कधी ते पेटीत बसतच नाही. कधी बसते, पण काम ऐन रंगात आले की संगणक अचानक बंद पडतो. या दोन्ही अडचणी खरेदीपूर्वीच कागदावर दिसू शकतात. त्यासाठी माध्यमिक शाळेत शिकवला जाणारा विद्युतशक्तीचा धडा आणि थोडा गुणाकार एवढेच पुरते. म्हणून आपण कार्डांच्या जाहिरातींपासून नव्हे, तर आपल्या संगणकाच्या पेटीपासून सुरुवात करू.

कार्ड करते तरी काय?

संगणकाचा पडदा म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी. फुल एचडी पडद्यावर १९२० × १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी ४ बाइट धरले, तर एका चित्राला सुमारे ८३ लाख बाइट लागतात. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे येतात. गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे ५० कोटी बाइट, म्हणजे अर्धा गिगाबाइट माहिती होते.

हा आकडा आपल्याला मोठा वाटतो, पण संगणकाला किरकोळ आहे. नुसते चित्र दाखवायला वेगळे कार्ड लागत नाही. कस लागतो तो चित्र तयार करताना. त्रिमितीय दृश्यात कोणता पृष्ठभाग पुढे, कोणता मागे, प्रकाश कोठून येतो, सावली कोठे पडते, हा हिशेब ठिपक्या-ठिपक्यासाठी करावा लागतो. हिशेब साधाच, पण लाखो वेळा करायचा. मुख्य प्रोसेसरमध्ये चार-सहा हुशार गणिती असतात असे समजा. ग्राफिक्स कार्डात शेकडो साधे कारकून एकाच वेळी बेरजा करत बसलेले असतात. एन्व्हिडियाच्या जीटी १०३० या लहान कार्डात असे ३८४ गणनघटक आहेत.

आधी घरात काय आहे ते पाहू

इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरांत ग्राफिक्सचा लहानसा विभाग अंगचाच असतो. ज्यांच्या क्रमांकाच्या शेवटी ‘एफ’ हे अक्षर असते त्यांत तो नसतो. जिओजेब्रा, फेटचे प्रयोग, आकाशदर्शनाचे स्टेलॅरियम, शैक्षणिक चित्रफिती या कामांना हा अंगचा विभाग सहसा पुरतो.

या विभागाला स्वतःची स्मृती नसते. तो मुख्य रॅम वापरतो. आणि जुन्या कार्यालयीन संगणकांत पुष्कळदा रॅमची एकच पट्टी असते. डीडीआर४ प्रकारच्या २४०० वेगाच्या एका पट्टीतून सेकंदाला जास्तीत जास्त १९.२ गिगाबाइट माहिती वाहते. तशीच दुसरी पट्टी योग्य खाचेत बसवली, की ३८.४. नळ दुप्पट रुंद व्हावा तसे हे आहे. म्हणून आमचा पहिला सल्ला असा : कार्ड घेण्याआधी पेटी उघडून रॅमच्या पट्ट्या मोजा. ग्राफिक्स सुधारण्याचा हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि तो वीजही फारशी खात नाही.

विजेचे अंदाजपत्रक

तरीही कार्ड हवेच असेल, तर पॉवर सप्लायवरचा छापील आकडा वाचा. छोट्या पेट्यांत तो १८० किंवा २४० वॉटच्या आसपास आढळतो. त्याची घडण बहुधा कंपनीची खास असते. त्यामुळे बाजारातला मोठा पॉवर सप्लाय आणून त्या जागी बसवता येत नाही. म्हणजे जमेची बाजू ठरलेली आहे. खर्चच तिच्यात बसवायचा आहे.

उदाहरणादाखल १८० वॉट घेऊ. पॉवर सप्लाय कायम पूर्ण भाराने चालवू नये, म्हणून वीस टक्के राखून ठेवू. उरले १४४. प्रोसेसर ६५ वॉटचा. मदरबोर्ड, रॅम, डिस्क, पंखे आणि यूएसबीला जोडलेल्या वस्तू मिळून ३५ धरू. खर्च झाला १००. कार्डासाठी राहिले ४४ वॉट. हाच हिशेब २४० वॉटसाठी केला, तर १९२ वजा १००, म्हणजे ९२ वॉट राहतात.

दुसरी मर्यादा मदरबोर्डवरील स्लॉटची. पीसीआय एक्स्प्रेस या प्रमाणानुसार लांब स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. त्यातला मोठा वाटा १२ व्होल्टच्या मार्गाने येतो : ५.५ अँपिअर गुणिले १२, म्हणजे ६६ वॉट. यापेक्षा जास्त वीज हवी असेल, तर कार्डाला पॉवर सप्लायमधून वेगळी तार जोडावी लागते आणि छोट्या पेट्यांत ती बहुधा नसते. काही संगणकांत उत्पादकाने स्लॉटची मर्यादा ७५ पेक्षाही कमी ठेवलेली असते. आपल्या मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत ती पाहावी.

कमी विजेचे कार्ड म्हणजे अगदीच दुबळे, असे मात्र नाही. चिपमध्ये खर्च होणारी वीज साधारणपणे तिच्या ठोक्यांच्या वेगाच्या आणि व्होल्टतेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वेग व व्होल्टता दोन्ही दहा टक्क्यांनी उतरवली, तर ०.९ × ०.९ × ०.९, म्हणजे ०.७३. दहा टक्के वेग सोडून सत्तावीस टक्के वीज वाचली! कमी विजेची चांगली कार्डे याच तत्त्वावर चालतात.

पेटीत मावेल का?

नेहमीच्या कार्डाची मागची धातूची पट्टी सुमारे १२ सेंटिमीटर उंच असते, तर छोट्या पेटीत जेमतेम ८ सेंटिमीटरची मावते. अशा कार्डांना ‘लो प्रोफाइल’ म्हणतात. कार्डाची लांबी आणि जाडीही मोजावी. जाड हीट सिंकमुळे काही कार्डे शेजारच्या स्लॉटची जागाही व्यापतात. आणि कमी उंची म्हणजे कमी वीज नव्हे : ११५ वॉटचे आरटीएक्स ४०६० हे कार्डही लो प्रोफाइल घडणीत मिळते, पण त्याला वेगळी वीजतार लागते.

नाव एक, कार्डे दोन

२०१७ साली आलेले जीटी १०३० हे ३० वॉटचे कार्ड. त्याच्या जीडीडीआर५ स्मृतीतून सेकंदाला ४८ गिगाबाइट माहिती वाहते. २०१८ मध्ये त्याच नावाने डीडीआर४ स्मृतीचे कार्ड आले. त्याचा आकडा आहे १६.८. वर आपण काढलेले दोन पट्ट्यांचे ३८.४ आठवा. त्याच्या निम्म्याहून कमी वाहणारी स्मृती असलेले कार्ड त्याच नावाखाली विकले जाते. म्हणून खोक्यावरच्या नावाखालची बारीक अक्षरे वाचावीत.

वयही पाहावे. जीटी ७३० हे २०१४ चे कार्ड. त्याच्या केप्लर चिपसाठी नव्या सुधारणा देणे कंपनीने २०२१ मध्येच थांबवले. जीटी १०३० ज्या पास्कल पिढीतले, तिलाही २०२५ च्या ऑक्टोबरनंतर केवळ सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात.

मग कोणते घ्यावे?

येथे काम कोणते, हा प्रश्न निर्णायक ठरतो. एएमडीचे आरएक्स ६४०० (२०२२) ५३ वॉटचे आहे, पण त्यात चित्रफीत संकुचित करणारा विभाग नाही. संपादनासाठी ते घेऊ नये. शिवाय ते स्लॉटच्या चारच मार्गिका वापरते, त्यामुळे जुन्या मदरबोर्डवर मंदावते. इंटेलचे आर्क ए३१० चित्रफितींना उत्तम, पण त्याला ‘रीसाइझेबल बार’ ही सोय असलेला नवा मदरबोर्ड हवा. ६ गिगाबाइटचे आरटीएक्स ३०५० (२०२४) ७० वॉटचे आहे. त्यात २३०४ गणनघटक आहेत, ते लो प्रोफाइल घडणीत मिळते आणि वेगळी तार मागत नाही. स्लॉट पूर्ण ७५ वॉट देत असेल, तर आपल्या २४० वॉटच्या हिशेबात ते बसते. १८० च्या हिशेबात बसत नाही. १८० वॉटच्या जुन्या संगणकाला रॅमची दुसरी पट्टी द्यावी आणि निधी शिल्लक ठेवावा, असेच आम्ही सुचवू.

वर्गात करून पाहा

विजेच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. जवळच एका युनिटला किती वेळा लुकलुकतो तो आकडा छापलेला असतो. तो ३२०० असेल, तर एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल भागिले ३२००, म्हणजे दर लुकलुकीला ११२५ ज्यूल. बाकीची सर्व उपकरणे बंद करून, मॉनिटरही बंद ठेवून, फक्त संगणक चालू ठेवा. त्याला जड काम द्या आणि दोन लुकलुकींमधला वेळ मोजा. ११२५ ला सेकंदांनी भागले की वॉट मिळतात. साडेबारा सेकंद लागले, तर ९० वॉट. पॉवर सप्लायमध्ये काही ऊर्जा उष्णतेत जाते, म्हणून संगणकाच्या भागांपर्यंत पोहोचणारी वीज याहून थोडी कमीच असते. अंदाज चुकला तरी सुरक्षित बाजूलाच चुकेल.

वर आपण १०० वॉट गृहीत धरले होते. त्या जागी विद्यार्थ्यांनी स्वतः मोजलेला आकडा घाला आणि वजाबाकी पुन्हा करा. जे उत्तर येईल ते घेऊनच दुकानात जा.